ऱ्हाईनची लांबी किती, आणि ती कमी कुणी केली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ऱ्हाईन नदीवर पानभर लेख वाचला. लोरेलायचा खडक, उतारावरचे द्राक्षमळे, टेकड्यांवरचे किल्ले, कोलोनचं कॅथेड्रल, सगळं त्यात आहे आणि लिहिलंयही गोडीनं. पण पहिल्याच परिच्छेदात नदीची लांबी १३२० किलोमीटर छापली आहे. शेवटच्या परिच्छेदात लेखक म्हणतात, दोनशे वर्षांपूर्वी जर्मनांनी ही नदी सरळ करून पुराचा प्रश्न कायमचा निकालात काढला, मग कृष्णा-पंचगंगेची वळणं काढायला आपण कधी शिकणार? आकड्याची चूक लहान आहे. शेवटच्या परिच्छेदातली मोठी आहे आणि ती तशीच राहिली तर इथं कुणीतरी तिच्या भरवशावर पोकलेन लावील. दोन्ही गोष्टी शेवटी मोजणीच्याच असल्यामुळं मला गप्प बसवेना. मी भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. नोकरी बांध, हद्दी, फाळणी नकाशे आणि भाऊबंदांची भांडणं यांत गेली. लेक आणि जावई कार्ल्सरुहेला असतात, त्यामुळं ऱ्हाईनच्या काठानं हिंडायचा योग मला आला. तिथं लोक किल्ले बघतात, मी किलोमीटरच्या पाट्या बघत होतो.

आधी आकडा. १३२० ही चूक तुमच्या लेखकांची नाही, जर्मनांचीच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संदर्भग्रंथांत ऱ्हाईनची लांबी १२३० किलोमीटरच्या आसपास दिलेली असे. १९३०च्या दशकात एका कोशात मधले दोन अंक उलटे पडले, १२३०चे १३२० झाले. एका कोशातून दुसऱ्या कोशात, तिथून शाळेच्या पुस्तकात, तिथून सरकारी कागदांत असा तो आकडा सत्तरएक वर्षं खपला. स्वतःच्या देशातली सगळ्यात महत्त्वाची नदी, आणि ज्यांच्या काटेकोरपणाचे दाखले आपण देतो ते लोक! कोलोनचे जीवशास्त्रज्ञ ब्रुनो क्रेमर यांना जुनी पुस्तकं चाळताना हा घोळ दिसला आणि २०१० साली त्यांनी तो उघड केला. तेव्हा नेदरलँड्सच्या जलखात्यानंही ताळा करून १२३२ हा आकडा दिला. नव्वद किलोमीटरचा फरक म्हणजे कराडहून निघून सांगलीच्या पुढं गेलो की! खरेदीखतात रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा का लिहितात, ते कोशकारांना कुणी सांगितलं नसावं.

पण १२३२ हाही आकडा कुठून कुठपर्यंतचा, हे विचारल्याशिवाय कुठलाही मोजणीदार तो लिहून घेणार नाही.

उगम म्हणून स्वित्झर्लंडमधलं टोमा नावाचं छोटं तळं दाखवतात. ग्राउब्युंडेन प्रांतात ओबरआल्प खिंडीजवळ, समुद्रसपाटीपासून २३४५ मीटरवर. तिथून निघतो तो पुढला ऱ्हाईन. मागला ऱ्हाईन वेगळ्याच हिमनद्यांतून येतो आणि राइखेनाऊ इथं दोघं मिळतात. पुढं लिश्टेनश्टाइन आणि ऑस्ट्रियाच्या कडेनं उत्तरेला जाऊन नदी बोडन सरोवरात शिरते, कोन्स्टान्सला बाहेर पडते आणि शाफहाउझनला तेवीस मीटर खाली उडी घेते. तो धबधबा दीडशे मीटर रुंद आहे. पुढं बासेल, तिथं काटकोनात वळून पुन्हा उत्तर.

आता नवल बघा. नदीकाठच्या पाट्यांवरचा शून्य किलोमीटर उगमाशी नाहीच, तो कोन्स्टान्सच्या जुन्या पुलापाशी आहे. १९३९ साली सगळ्या राज्यांच्या वेगवेगळ्या मोजण्या जोडून ही एकच साखळी केली. नदीच्या ज्या भागात जहाजं चालतात तिथं हिशेब लागतो म्हणून. सरोवराच्या वरची सगळी नदी त्या हिशेबात धरलेलीच नाही. कार्ल्सरुहेच्या माक्साऊ पुलाजवळ ३६२, काउबला ५४६, कोलोनला ६८८, हॉलंडच्या हद्दीत लोबिथला ८६२ आणि समुद्राच्या तोंडाशी हूक व्हान हॉलंडला १०३६ असा तो चढत जातो. जुन्या मोजण्यांचे सांधे जिथं जुळले नाहीत तिथं दोन पाट्यांमधलं अंतर भरून हजार मीटर येत नाही, तसंच सोडून दिलं आहे. पाहून बरं वाटलं. आमच्याकडंही दोन गावांच्या शिवेवर नकाशा नकाशाला जुळत नाही, तेव्हा आम्हीही हेच करतो.

शेवट तर आणखी अवघड. लोबिथच्या पुढं, पान्नेर्डनजवळ नदी फुटते. दोनतृतीयांश पाणी वाल नावानं जातं. उरलेल्यातून नेडरराइन आणि आयसेल अशा दोन वाटा होतात. नेडरराइनचं नाव पुढं लेक होतं. रॉटरडॅमच्या बंदरात जे पाणी पोचतं त्याला तोपर्यंत ऱ्हाईन कुणी म्हणत नाही. ज्या फाट्याला आजही ‘जुना ऱ्हाईन’ म्हणतात तो लायडन शहरातून जाऊन काटवाइकला समुद्राला मिळतो, आणि तो एखाद्या कालव्याएवढाच आहे. रोमन साम्राज्याची उत्तर हद्द मात्र त्याच फाट्यावरून जायची. जगातल्या सगळ्यात बलाढ्य सैन्यानं शीव म्हणून जो प्रवाह धरला तो मध्ययुगात गाळानं भरून गेला, आणि १८०७ साली पाणी काढून द्यायला तिथं दरवाजे घालावे लागले. हद्द म्हणून नदी धरू नये, असं आमचे वरिष्ठ नेहमी सांगत. पण शीव ठरवायला माणसाला नदीशिवाय दुसरं काही सुचत नाही, हेही तितकंच खरं.

मोजणीचाच विषय निघालाय तर लाउफेनबुर्गचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऱ्हाईनच्या एका काठी जर्मन लाउफेनबुर्ग, दुसऱ्या काठी स्विस लाउफेनबुर्ग. २००३ साली दोघं मिळून नवा पूल बांधत होते. जर्मन लोक उंची मोजतात ॲमस्टरडॅमच्या समुद्रपातळीवरून, स्विस मोजतात मार्सेलच्या म्हणजे भूमध्य समुद्राच्या पातळीवरून. दोन शून्यांत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. हिशेबातही धरला. फक्त अधिकच्या जागी उणं झालं. दोन बाजू एकमेकींकडं आल्या तेव्हा ५४ सेंटिमीटरचा फरक निघाला आणि बांधकाम दुरुस्त करावं लागलं. चिन्ह चुकलं की चूक दुप्पट होते, हे मी नव्या पोरांना हा किस्सा सांगूनच शिकवतो.

आता मूळ मुद्दा. बासेलपासून बिंगेनपर्यंतच्या नदीला वरचा ऱ्हाईन म्हणतात. अठराव्या शतकापर्यंत तिथं एकच एक अशी नदी नव्हती. दक्षिणेकडं शेकडो धारा, वाळूचे पट्टे, बेटं, आणि दर पुरात सगळ्यांच्या जागा बदललेल्या. कार्ल्सरुहेच्या उत्तरेला मोठमोठी वळणं, एकाला एक लागून. आज डाव्या काठी असलेलं शेत पुढच्या वर्षी उजव्या काठी. ज्यांच्या मळईच्या जमिनी आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. डेटेनहाइम नावाचं गाव तर पुरांना इतकं कंटाळलं की १८१३ साली सगळं गावच उठून आत गेलं आणि कार्ल्सडॉर्फ म्हणून नव्यानं वसलं. शिवाय थंडीताप. तोच आपला मलेरिया. महाकवी शिलर १७८३ साली मानहाइमला होता, त्यालाही तो चिकटला. तेव्हा नदी सरळ करायला निघालेला माणूस वेडा नव्हता, हे आधी मान्य करू.

त्याचं नाव योहान गॉटफ्रीड तुला. १७७० साली कार्ल्सरुहेत जन्मला, बाडेन राज्याचा अभियंता झाला. आधी मोजणीदार होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नेपोलियनच्या धामधुमीत बाडेन अचानक मोठं झालं होतं, समोरचा काठ आधी फ्रान्सकडं होता आणि मग बव्हेरियाकडं गेला. नदी हलली की राज्याची हद्द हलायची. नकाशे नीट नव्हते, ते आधी करून घ्यावे लागले. त्यानं १८०७ साली कार्ल्सरुहेत अभियंत्यांची शाळा काढली, तिचं पुढं तिथल्या तंत्रविद्यापीठात रूपांतर झालं. नदीला एकच पात्र पुरे, हा त्याचा सिद्धांत. वळणांच्या माना कापायच्या, सगळ्या धारा एका दोन-अडीचशे मीटर रुंदीच्या पात्रात कोंबायच्या, दोन्ही काठ बांधून काढायचे.

युक्ती हुशारीची होती. सगळं पात्र खणायला कुणाची ऐपत असणार? त्यानं वळणाच्या मानेवर वीसएक मीटर रुंदीचा नुसता चर खणायचा आणि पाणी सोडून द्यायचं. उतार वाढलेला असल्यामुळं नदी स्वतःच तो चर रुंद करायची. काठ धरायला फांद्यांच्या जुड्या बांधून बसवायच्या. म्हणजे खोदकाम नदीनंच केलं, ते पुढं थांबलं नाही एवढंच.

पहिला काप १८१७ साली क्नीलिंगेनला सुरू झाला. हे गाव आता कार्ल्सरुहे शहरातच आहे, लेकीच्या घरापासून ट्रामनं जाता येतं. ज्यांच्या रानातून चर जाणार होता त्यांनी विरोध केला आणि काम सैन्याच्या बंदोबस्तात करावं लागलं. मला हे ऐकून तिथल्या लोकांबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्या गावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी लेकीच्या मदतीनं बोललो. ते म्हणाले, आमच्या पणजोबांच्या पणजोबांची जमीन पाण्यापलीकडं गेली. दोनशे वर्षांनंतर! वाटपाची आठवण माणूस कुठंही गेला तरी विसरत नाही.

तुलाला आपलं काम पुरं झालेलं दिसलं नाही. मूतखड्याच्या उपचारांसाठी पॅरिसला गेला होता, तिथंच १८२८ साली वारला आणि मोंमार्त्रच्या दफनभूमीत पुरला गेला. काम मात्र १८७६ पर्यंत चाललं. दोन हजारांहून अधिक बेटं नाहीशी झाली. बासेल ते बिंगेन हे अंतर आधी ३५४ किलोमीटर होतं ते २७३ झालं. एक्क्याऐंशी किलोमीटर नदी कमी झाली! कोशातल्या उलट्या अंकांनी नदी कागदावर नव्वद किलोमीटरनी वाढली होती. इथं फावड्यानं आणि पुराच्या पाण्यानं जवळजवळ तेवढीच जमिनीवरून गेली. लेखात हा आकडा असता तर मी पत्र लिहिलंच नसतं.

फायदे झाले. कोरडी जमीन मिळाली, गावं निर्धास्त झाली, थंडीताप ओसरला, नंतर वाफेची जहाजं वर चढली. सोनं मात्र गेलं. हो, ऱ्हाईनच्या वाळूत सोन्याचे कण सापडायचे आणि ते गाळून पोट भरणारी माणसं काठाकाठानं होती. बाडेन राज्यानं त्या सोन्याच्या मोहराही पाडल्या. नदीनं दर पुरात वाळू उलटीपालटी करणं थांबवलं तसा नवा कण मिळेना.

आता बिल. उंची तेवढीच आणि अंतर एक्क्याऐंशी किलोमीटरनं कमी, म्हणजे उतार वाढला. उतार वाढला की वेग वाढतो आणि बाजूला पसरायला जागा नसली की पाणी तळ खातं. बासेलच्या खाली काही ठिकाणी नदी सात मीटरपर्यंत खाली गेली. इस्टाइन गावाजवळ पात्रातला खडकच उघडा पडला आणि तिथं नवाच खळाळ तयार झाला, जहाजवाल्यांची वाट अडवून बसला. नदी खाली गेली तशी भूजलाची पातळी तिच्यामागं उतरली. विहिरी आटल्या. काठची दलदलीची जंगलं वाळून तिथं झुडपांचं माळरान झालं. पुराची भीती गेली आणि पाण्याची चणचण आली, तीही युरोपातल्या इतक्या मोठ्या नदीच्या काठावर.

पुढची पायरी राजकारणाची. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहातल्या ३५८व्या कलमानं फ्रान्सला वरच्या ऱ्हाईनचं पाणी वळवून वीज करायचा हक्क मिळाला. फ्रान्सनं आपल्या काठानं आल्सासचा मोठा कालवा खणला, १९३२ साली केम्ब्सचं वीजघर सुरू झालं. जहाजं आणि बहुतेक पाणी कालव्यातून जाऊ लागलं. मूळ पात्राला तिथं आता ‘उरलेला ऱ्हाईन’ म्हणतात. पाण्याचा हिस्सा सेकंदाला वीस-तीस घनमीटरवर आला होता, तो २०१०च्या सुमाराला करार नव्यानं करताना निदान ५२ घनमीटरवर आणला. बंधारे एकापाठोपाठ एक होत गेले, कारण एक बंधारा झाला की त्याच्या खाली गाळ-गोटे यायचे बंद होतात, तिथला तळ आणखी जोरात खाल्ला जातो, मग त्याच्या खाली दुसरा बंधारा बांधावा लागतो. असे दहा झाले. शेवटचा १९७७ साली, इफेत्सहाइमला. त्याच्याही खाली, कार्ल्सरुहेच्या दक्षिणेला नॉइबुर्गवायर इथं अकरावा ठरला होता. तो कधी झालाच नाही. त्याऐवजी काय करतात ते मी काठावर उभं राहून पाहिलं. तळ उघडणारे गाळवाहू तराफे येतात आणि नदीत गोटे ओततात. १९७८ पासून, दरवर्षी पावणेदोन लाख घनमीटरच्या आसपास. नदीला खायला गोटे मिळाले की ती तळ खात नाही. लेखक महाशयांनी हे दृश्य पाहिलं असतं तर ‘कायमचा निकालात’ हे शब्द त्यांच्या लेखणीतून उतरले नसते. दोनशे वर्षांपूर्वी केलेल्या सरळ रेषेचा हप्ता तिथले लोक अजून खडीत भरतात आणि तो कधी फिटायचा आहे असं दिसत नाही.

पूर मिटला हेही खरं नाही, तो खाली सरकला. हे होणार अशी हाकाटी तुलाच्या हयातीतच प्रशिया आणि हॉलंडनं केली होती. बंधाऱ्यांमुळं बासेल ते इफेत्सहाइम पट्ट्यातली १३० चौरस किलोमीटर पूरजमीन नदीपासून तुटली. बासेलहून निघालेली पुराची लाट आता पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी वेळात कार्ल्सरुहेला पोचते आणि नेकारसारख्या उपनद्यांच्या लाटेला नेमकी गाठते. पूर्वी उपनद्यांचं पाणी आधी निघून जायचं, मुख्य नदीचं मागून यायचं. कोलोनला १९९३च्या नाताळात पाणी १०.६३ मीटरवर गेलं. शंभर वर्षांत एकदा, असं सगळे म्हणाले. तेरा महिन्यांत, जानेवारी १९९५ला, १०.६९. त्याच पुरात हॉलंडमध्ये अडीच लाख माणसं घराबाहेर काढावी लागली.

त्यानंतर काय सुरू झालं? वळणं काढणं नव्हे. पाण्याला जागा परत देणं. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यानं तेरा ठिकाणी मिळून १६ कोटी ७० लाख घनमीटर पूर साठवायच्या जागा ठरवल्या आहेत. त्यांना पोल्डर म्हणतात. मोठ्या पुरात दरवाजे उघडून पाणी जुन्या जंगलात सोडायचं. एरवीही थोडंथोडं सोडत राहायचं, म्हणजे झाडाझुडपांना आणि जनावरांना सवय राहते, अचानक बुडाली तर मरतात. गावोगाव भांडणंही आहेत. तळघरात पाणी येईल, डास होतील, आमच्याच गावात का? सगळं ओळखीचं. डासांवर तर काठच्या गावांनी मिळून उपाय केलाय, हेलिकॉप्टरमधून बर्फाचे दाणे टाकतात, त्यात डासांच्या अळ्या मारणारा जिवाणू असतो. तुलाच्या आधीच्या वळणांचे जे तुकडे राहिले, नालाकृती तळी, तीच आता तिथं जपून ठेवतात आणि रविवारी लोक पोरांना घेऊन बघायला जातात. दर्मश्टाटच्या पश्चिमेला क्यूकोप्फ म्हणून असंच एक मोठं वळण १८२८-२९ साली कापलं होतं. हेसेन राज्यातला तो आता मोठा राखीव भाग आहे.

हॉलंडनं तर त्याहून पुढं मजल मारली. तीसेक ठिकाणी कामं काढली, कुठं बांध मागं घेतला, कुठं जोडपात्र खणलं, कुठं अडथळे काढले. लोबिथला सेकंदाला १६,००० घनमीटर पाणी आलं तरी निभावेल हे उद्दिष्ट. वाल नदीवर नाइमेखन शहरासमोर लेंट इथं बांध साडेतीनशे मीटर आत सरकवला आणि मधून दुसरं पात्र काढलं. पन्नासएक घरं उठवावी लागली. मी तो जुना बांध जिथं होता तिथं उभा राहिलो. शहराच्या ऐन समोरची जमीन, भाव काय असेल विचार करा, आणि ती नदीला दिली. मोजणी झाली असेल, पंचनामे झाले असतील, लोक भांडले असतील. पण झालं.

लेखात आणखी एक वाक्य आहे, २०१८च्या दुष्काळात काउबला ऱ्हाईनमध्ये फक्त पंचवीस सेंटिमीटर पाणी उरलं होतं असं. हेही नेहमीचं. काउबच्या मोजपट्टीवर २५ सेंटिमीटर हा आकडा त्या ऑक्टोबरात खरोखर नोंदला गेला. पण मोजपट्टीचं शून्य नदीच्या तळाला नाही. ते एक ठरवून घेतलेलं शून्य आहे. जहाजांच्या वाटेत त्या दिवशीही सव्वा मीटरहून अधिक खोली होती. जहाजं थोडा माल भरून का होईना चालत होती, आणि लुडविग्सहाफेनच्या मोठ्या रसायन कारखान्यांचा जीव टांगणीला लागला होता तो त्या ‘थोडा माल’मुळं. २०२२च्या ऑगस्टात पुन्हा तेच. काउबच खरं नाकं आहे. त्याच गावासमोर नदीच्या मधोमध बेटावर १३२७ सालचा किल्ला आहे, जकात वसूल करायला बांधलेला. पूर्वी प्रत्येक सरदार आपल्या हद्दीत साखळी टाकून पैसे घ्यायचा. व्हिएन्नाच्या परिषदेनंतर ऱ्हाईनसाठी सगळ्या देशांचं एक मंडळ नेमलं, ते १८१६ साली माइन्सला पहिल्यांदा बसलं आणि आजही स्ट्रासबर्गला बसतं. १८६८च्या मानहाइम करारानं नदीवरची जहाज वाहतूक सगळ्यांना करमुक्त झाली. किल्ल्यातल्या जकातीऐवजी आता पाण्याची पातळी वसुली करते.

लेखात न आलेल्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात. १ नोव्हेंबर १९८६ला बासेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, आग विझवलेलं पाणी नदीत गेलं, नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटर मासे मेले. त्या धक्क्यानंतर पुढच्याच वर्षी काठच्या देशांनी नदी सुधारायचा कार्यक्रम हाती घेतला आणि पाणी खरोखर सुधारलं. सामन मासा २००० साली इफेत्सहाइमला शिडी केल्यावर तिथून वर चढू लागला. बासेलपर्यंतची वाट त्याला अजून मोकळी नाही. सहीसलामत पोचायचं असेल तर त्यालाही दहा बंधाऱ्यांची परवानगी लागते.

आणि हद्दीचं एक उदाहरण खास आमच्या खात्यातल्या मंडळींसाठी. सरोवराच्या वरच्या अंगाला स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये नदीचे दोन काप १८९२च्या तहानं केले. फुसाखचा १९०० साली, डीपोल्ड्साऊचा १९२३ साली. नदी सरळ झाली, देशाची हद्द मात्र जुन्या वळणावरच ठेवली. त्यामुळं डीपोल्ड्साऊ हे स्विस गाव आज नदीच्या ऑस्ट्रियाकडच्या काठावर आहे आणि गाइसाऊ हे ऑस्ट्रियाचं गाव स्वित्झर्लंडकडच्या काठावर. भांडण नाही. कारण दोन्ही देशांनी आधीच ठरवून टाकलं, नदी हलेल, शीव हलणार नाही.

आमच्या भागात अलीकडं एका ओढ्याचं खोलीकरण, रुंदीकरण आणि सरळीकरण एकदम झालं. फीत कापली, फोटो निघाले. दुसऱ्याच पावसाळ्यात काठ ढासळले, खालच्या शेताला पाणी लागलं आणि वरच्या दोन विहिरींची पातळी उतरली. मोजणीला बोलावलं म्हणून गेलो, सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळेना. मी निवृत्त आहे, सही कुणाची लागत होती आणि कुणी केली नाही ते इथं लिहीत नाही. कृष्णेची वळणं काढा म्हणणाऱ्यांनी आधी इफेत्सहाइमच्या खडीचं बिल मागवून घ्यावं आणि ते कुठल्या खात्यातून भरणार ते सांगावं. नदीची लांबी १२३२ अशी दुरुस्ती पुढच्या अंकात द्यावी. शेवटच्या परिच्छेदाबद्दल लेखकांनी काही खुलासा केला तर वाचायला आवडेल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, कराड

ता. क. : लेखासोबतच्या नकाशात स्ट्रासबर्ग नदीच्या उजव्या काठी आणि जर्मनीत दाखवलं आहे. ते डाव्या काठी, फ्रान्समध्ये आहे. उजव्या काठी समोर आहे ते केल, जर्मनीतलं. २०१७ पासून स्ट्रासबर्गची ट्राम पूल ओलांडून केलला जाते, तिकीटही साधंच आहे. त्याच नकाशात मोझेल नदी ऱ्हाईनला बॉनजवळ मिळते असं काढलंय. ती कोब्लेन्सला मिळते.